पुसलेली राणी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडचं जुनं हस्तलिखित विकण्याबद्दल तू लिहिलंस. पत्रात पहिल्याच ओळीत किंमत आली, पण पानं किती आहेत हे शेवटपर्यंत आलंच नाही. म्हणून आधी अशा एका हस्तलिखिताबद्दल लिहितो, जे बाजारात येणारच नाही.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची आफताबी नावाच्या कवीनं फारसी पद्यात गायलेली थोरवी. जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा रामराया पडला, तो प्रसंगही त्यात चित्रांसकट आहे. मूळच्या १४ चित्रांपैकी १२ उरली आहेत. दख्खनी चित्रकलेचे जे सर्वांत जुने नमुने आज माहीत आहेत, त्यांत ती मोडतात. एका चित्रात तर बाईच्या स्पर्शानं झाड फुललंय. फारसी काव्यात आपलं संस्कृतातलं दोहद! मला ते पान फार आवडतं.

पण डोळे अडकतात ते सिंहासनाच्या चित्रावर. शहा बसलेला आहे आणि त्याच्या बाजूला नुसता डाग. तिथं त्याची बेगम खुंजा हुमायून होती, चांदबिबीची आई. लढाईनंतर काही महिन्यांत हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार हिच्या हाती आला. १५६९ मध्ये त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. त्यानंतरच कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिला पुसलं असावं.

एखादा दुकानदार याला ‘खराब चित्र’ म्हणेल आणि रंग भरून घे म्हणून सुचवेल. भरलास की संपलं. दरबारातली उलथापालथ त्या डागातच तर शिल्लक आहे. तुझ्या हस्तलिखितातही कुठं खाडाखोड, कसर, तेलाचे डाग असतील तर हात लावू नकोस. चिकटपट्टी तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट सुट्या पानांची. इराणच्या शाह तहमास्पसाठी केलेला सचित्र शाहनामा, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्याची प्रत, गेल्या शतकात मालकानं सुटा केला. त्यातलं एक पान २०११ मध्ये लंडनला ७४ लाख पौंडांना गेलं. असे आकडे ऐकून लोक सुरी घेऊन बसतात. पान सुटलं की आधीचा-नंतरचा मजकूर गेला, शेवटची पुष्पिका, म्हणजे लेखकाची-सालाची नोंद, गेली. मग लेखक कोण, साल कुठलं, सगळा अंदाजपंचे कारभार.

सुटं पान घेताना मीही फसलोय. शिकारीचं सुंदर चित्र, कागद जुना, रंग किंचित जास्तच ताजे. फारसी जाणणाऱ्या एका स्नेह्यानं खालचा मजकूर वाचला, तर ते व्याकरण निघालं! जुन्या कागदावर नवं चित्र काढून खपवतात. म्हणून चित्राआधी मजकूर वाचून घ्यायचा. फारसी हस्तलिखितात पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो जुळला नाही, तर मधलं पान गेलेलं असू शकतं.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या कायद्यानं ७५ वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. सचित्र असेल तर नोंदणी करावी लागते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाचं तू लिहिलंस, त्याला आजच नाही कळव.

रविवारी ये. हस्तलिखित ज्या कापडात बांधलंय तो रुमाल घरी सोडू नकोस, बांधलेलाच आण. सोबत वही आणि शिसपेन. शाईचं पेन आणलंस तर दाराबाहेर ठेवायला लावीन. आधी पानं मोजू.

तुझा,
काका