विहिरीकडचा एकर विकू नका

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाशिमकडची तीन एकर कोरडवाहू, २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ असताना चार हजारांच्या आत गेलेलं सोयाबीन, थकलेलं सोसायटीचं कर्ज. त्यात लेकीच्या बीएस्सी ॲग्रीसाठी एजंट दीड लाख रोख मागतोय, म्हणून विहिरीकडचा एकर काढायचा म्हणता. इसार घेतला नसेल तर थांबा.

एजंटाला एवढंच विचारा, दीड लाखाची पावती कशाची देणार?

तो सांगत नाही ते मी सांगतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही कुणबी, ओबीसीत आहात. पण प्रवेश सीईटीनंतरच्या कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. खासगी कॉलेजातल्या बऱ्याच जागाही कॅपमधूनच भरतात, म्हणजे ज्या जागेसाठी तुम्ही जमीन विकणार, तसलीच तिला गुणांवर मिळू शकते.

खरी अडचण कागदांची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो. त्यासाठी जातीची नोंद असलेला आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला आजच लागा. मेसचा खर्च माफीत येत नाही. त्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेची चौकशी करा. तिथे जागा मोजक्या असतात, म्हणून उशीर नको.

एक कडू गोष्टही सांगतो. ॲग्रीची पदवी म्हणजे नोकरी नव्हे. कृषी खात्याच्या जाहिरातीची वाट बघत पुण्यात अभ्यासिकेत बसलेली पोरं मी रोज पाहतो. बियाणं कंपनी, बँक, स्वतःची रोपवाटिका या वाटाही तिला माहीत हव्यात. चार वर्षं तिला झेपतील का, हे तिलाच विचारा. तुमच्या पत्रात मेहुण्याचं मत आहे, एजंटाचं आहे, तिचं कुठंच नाही.

कॅपमध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखालची जवळची कॉलेजं वर टाका. पसंतीक्रम भरताना मला फोन करा. फोनवर ती स्वतः असू द्या.