कोळंबीच्या नावाचं फळ

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी मलेशियात पेनांगला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तिथलं 'रेड प्रॉन' जातीचं ड्युरियन खाल्ल्याशिवाय परत पाठवणार नाही, असं तो म्हणतो. मी रत्नागिरीची, फणसावर वाढलेली. पण मागे पुण्यात गोठवलेल्या ड्युरियनचं पाकीट आणलं, ते नुसतंच गोडमिट्ट लागलं आणि फ्रिजला चार दिवस वास राहिला. या जातीत वेगळं काय असतं? येताना पुण्याला आणता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, फ्रिजचं दुःख मी भोगलंय. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी हा प्रयोग झाला, तेव्हा सासूबाईंनी आधी शेगडीची बटणं तपासली. त्यांचं नाक चुकलं नव्हतं. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि ड्युरियनच्या वासातही तेच असतं.

तुमच्या पाकिटात बहुधा थायलंडचं, मोनथाँग जातीचं ड्युरियन असणार. तिथे फळ झाडावरून उतरवतात आणि मग पिकू देतात. मलेशियात ते आपणहून पडायची वाट बघतात. झाडाखाली जाळ्या बांधलेल्या असतात, फळं बरीचशी रात्री पडतात, सकाळी विक्रीला येतात. पडलेल्या फळाची खरी चव एक-दोन दिवसांचीच.

रेड प्रॉनला पेनांगचे चिनी लोक 'आंग हे' म्हणतात, म्हणजे लाल कोळंबी. सरकारी नोंदीत ते डी १७५. गर पिवळा नाही, नारिंगीकडे झुकलेला गुलाबीसर. सहा वर्षांपूर्वी भाचीकडे गेले होते, तेव्हा पेनांगमधल्या बालिक पुलाऊच्या उतारावर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून खाल्लं. विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, गोड हवं की कडू? मी आपली गोड म्हणाले. भाचीने मला गप्प केलं आणि जुन्या झाडाचं मागितलं. झाड म्हातारं झालं की गरात कडवटपणा उतरतो, असं तिथे मानतात.

पहिल्या घासाला घोटलेल्या बासुंदीची साय. मग तळाला किंचित लागलेल्या पातेल्याची खरवड असते ना, तसा जळका गोडवा. कुठेतरी मागे कांदा. आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी कडवट रेघ. ती रेघ आली की हात आपोआप पुढच्या बीकडे जातो. तुमच्या पाकिटात नेमकी तीच नव्हती. पोत म्हणाल तर बरक्या फणसाच्या बाजूचा, पण बिनधाग्याचा. कापा आवडणाऱ्यांनी जरा जपूनच. (नात्याने मात्र फणसाचं ते कुणीच नाही. भेंडी, कापूस, जास्वंद यांच्या कुळातलं आहे.)

हाताला तेल लावून जाऊ नका, चीक नसतो. रिकाम्या सालीच्या खोलगटात पाणी घेऊन त्यानेच हात धुवायचे, वास जातो म्हणतात. माझा निम्मा गेला. सोबत मँगोस्टीन घ्या. ड्युरियन उष्ण, मँगोस्टीन थंड, हा हिशेब तिथेही आपल्या आजीसारखाच आहे.

जूनमध्ये जाताय ते बरंच, तिथे हंगाम असतो. हॉटेलात राहणार असाल तर खोलीवर नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी दारावरच मनाईची पाटी असते.

ताजं फळ पुण्याला आणायच्या भानगडीत पडू नका. विमानात त्या वासाचं फळ घेऊन कोण बसू देणार? त्याऐवजी ड्युरियनचं डोडोल आणा. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, गूळ आणि ड्युरियनचा गर घोटून केलेलं. गोव्यात नाताळला दोदोल होतो, त्याचाच भाऊबंद. मी आणलेला डबा सासूबाईंनी चहाबरोबर संपवला. कसलं आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.