लेकीला ऑर्केस्ट्राची कंडक्टर व्हायचंय

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, सातव्या वर्षापासून व्हायोलिन शिकतेय, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांतली पाचवी ग्रेड झालीये. गेल्या सप्टेंबरात तिचे सर मुलांना एनसीपीएला (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात) सिम्फनी ऐकायला घेऊन गेले आणि तेव्हापासून ही पेन्सिल घेऊन आरशासमोर उभी असते. म्हणते मला कंडक्टर व्हायचंय, झुबिन मेहतांसारखं जगभर जायचंय. ह्यांचं म्हणणं, ही आपल्यासारख्या लोकांची कामं नाहीत, त्यात मुलगी. मला यातलं काहीच कळत नाही. खरंच असं करिअर असतं का? आणि सुरुवात कुठून करतात? (एक आई, मुलुंड)

मुलुंडच्या ताई, पहिलं सांगते, तिची पेन्सिल काढून घेऊ नका. पण तिला हेही सांगा की ते हातवारे हा या कामातला सगळ्यात शेवटी शिकायचा भाग आहे. हे मी २५ वर्षं मुलांना व्हायोलिन शिकवून बोलतेय. स्टेजवर शंभर माणसं असतात, त्यातला एकच माणूस, म्हणजे कंडक्टर, असा की जो स्वतः एकही सूर वाजवत नाही, मग त्याचं सगळं भांडवल काय तर कान. त्याला समोरच्या कागदावर (त्याला स्कोअर म्हणतात) वीसेक ओळी एकाखाली एक लिहिलेल्या दिसतात, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी (नगाऱ्यांसारखे मोठे ड्रम), मग व्हायोलिनचे दोन गट, खाली व्हिओला, चेलो, डबल बास, आणि त्यातही क्लॅरिनेट आणि हॉर्नचे सूर लिहिलेले एक असतात आणि ऐकू येतात वेगळे, हे सगळं वाद्याला हात न लावता डोक्यात ऐकू यायला लागतं. हे एका वर्षात येत नाही. म्हणून हा माणूस आधी बरीच वर्षं कुठल्यातरी वाद्याच्या रांगेत बसलेला असतो.

मेहतांचंच बघा. १९३६ चा जन्म, मुंबईचा. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे आणि त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे हा मुलगा वडिलांच्या तालमी ऐकत मोठा झाला, घरात चार वादकांची चौकडी वाजतेय, कुणीतरी चुकतंय, पुन्हा पहिल्यापासून, हे त्याच्या कानावर लहानपणापासून. तरी घरच्यांना डॉक्टरच हवा होता (तुमच्याकडेही तीच चर्चा असेल), त्यासाठी सेंट झेवियर्समध्ये शिक्षण चालू होतं, ते अर्ध्यावर टाकून १८ व्या वर्षी, १९५४ साली, व्हिएन्नाला गेला. तिथे हान्स स्वारोव्स्की नावाचे गुरू मिळाले, कडक, स्कोअर उलगडून प्रत्येक वाक्य किती मापांचं (माप म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा) आहे हे मोजायला लावणारे. आणि वाद्य कुठलं वाजवलं तर डबल बास, सगळ्यात मागे उभं राहून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मागे उभं राहिलेल्याला पुढच्या माणसाच्या हातातलं नेमकं काय पोचतं आणि काय पोचत नाही ते बरोबर कळतं.

आणखी एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. कारायानसारख्या मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला विद्यार्थ्यांना आत सोडत नव्हते, तर मेहता आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउदिओ आबादो, तोही पुढे जगातला फार मोठा कंडक्टर झाला, हे दोघं चक्क कोरसमध्ये गायला भरती झाले, कारण कोरसवाल्यांना तालमीला समोर बसता येतं. गायचं आणि बघायचं. शिकायची खरी भूक असली की माणूस अशी वाट काढतो.

मग १९५८ ला लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय कंडक्टर स्पर्धा जिंकले, वय २२, बक्षीस म्हणून तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर असिस्टंटची जागा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं झालं, पोचला. पण ते वर्ष संपल्यावर परत कामाची शोधाशोध. पुढचं दार उघडलं ते दुसऱ्यांच्या जागी उभं राहून, माँट्रियलला कंडक्टर मार्केविच आले नाहीत, लॉस एंजेलिसला राइनर आले नाहीत, आयत्या वेळी याला बोलावलं. आयत्या वेळी म्हणजे तो स्कोअर आधीच डोक्यात हवा, त्या आठवड्यात पाठ करायला वेळ नसतो. अमेरिकेचे कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांचंही तसंच, १४ नोव्हेंबर १९४३, न्यूयॉर्कला कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि २५ वर्षांचा हा असिस्टंट एकही तालीम न घेता उभा राहिला, वर कार्यक्रम देशभर रेडिओवर. लोक नशीब म्हणतात, मी नाही म्हणत. तो बोलावणं येण्याच्या आधीपासून तयार होता.

त्यानंतर मेहतांचं करिअर तुम्हाला ऐकून माहीत असेल. माँट्रियल, १९६२ पासून १९७८ पर्यंत लॉस एंजेलिस, मग १९९१ पर्यंत १३ वर्षं न्यूयॉर्क, आणि इस्रायल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राशी तर १९६१ ते २०१९ इतकं लांब नातं. मधे काही वर्षं माँट्रियल आणि लॉस एंजेलिस दोन्ही एकाच वेळी. इथे एक फरक कळून घ्या. म्युझिक डायरेक्टर म्हणजे घरचा माणूस, तो वादक निवडतो, वर्षाचे कार्यक्रम ठरवतो, पैसे देणाऱ्यांशी बोलतो, भांडणं मिटवतो. गेस्ट कंडक्टर म्हणजे पाहुणा, आठवडाभर येणार, तीन-चार तालमी, दोन-तीन कार्यक्रम, पुढच्या विमानाने दुसऱ्या शहरात. जगभर फिरणं म्हणतात ते हे, आणि त्यातला बराचसा वेळ हॉटेलच्या खोलीत पुढच्या आठवड्याचा स्कोअर वाचण्यात जातो.

आता मुलीचा मुद्दा. तुमच्या ह्यांना सांगा की २००७ पासून मॅरिन ऑल्सप बाल्टिमोरची म्युझिक डायरेक्टर होती, अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राची ती पहिली बाई, आणि २०१३ ला लंडनच्या प्रॉम्स या मोठ्या संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री कंडक्ट करणारीही पहिली बाई तीच. २०२२ पासून अटलांटाला नाताली स्तुत्झमान आहे, ती आधी गायिका होती. म्हणजे दार उघडलंय, पण किती उशिरा ते बघा, राग येतो मला याचा. शंभर वर्षं बायकांना रांगेतसुद्धा नीट बसू दिलं नाही, नंतर ऑडिशन पडद्यामागून घ्यायला लागले आणि मग बायकांची निवड व्हायला लागली. कंडक्टरला पडद्यामागे उभं करता येत नाही, म्हणून तिथे आणखी उशीर झाला. तुमच्या लेकीला हे माहीत असू दे, घाबरवायला नाही, तयारीसाठी.

आणि सुरुवात. व्हायोलिन अजिबात सोडायचं नाही, आठव्या ग्रेडच्या पुढे न्यायचं. त्याच्या जोडीला पियानो आजच सुरू करा, की-बोर्डवर चालेल सुरुवातीला, पण दोन्ही हातांनी आणि नोटेशन वाचून. पियानोशिवाय युरोपातल्या कंडक्टिंगच्या प्रवेश परीक्षेत टिकाव लागत नाही, तिथे पियानो, कानाची परीक्षा, स्कोअर बघून वाजवणं आणि प्रत्यक्ष कंडक्ट करणं सगळं बघतात. जर्मनीत कित्येकदा गायकांबरोबर पियानोवर तालमी घेणारा माणूस ऑपेरा हाउसमध्ये नोकरीला लागतो आणि तिथून पायरी पायरीने वर चढतो, नावाजलेले कंडक्टर सोल्टी तसेच ऑपेरातून वर आले. पैशांचं म्हणाल तर तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बऱ्याच राज्यांत ट्यूशन फी नाही, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये परदेशी मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहे. राहण्या-खाण्याचा खर्च आणि जर्मन भाषा हे मात्र लागतंच. जर्मन दहावीनंतर सुरू केली तरी पुरे. आणि तोपर्यंत तिला चर्चच्या कॉयरमध्ये, शाळेच्या ग्रुपमध्ये, जिथे चार लोक मिळून वाजवतात-गातात तिथे पाठवा. एकटीने खोलीत रियाज करून सोलो वाजवणारी तयार होईल, कंडक्टर नाही होणार.

प्रश्न : आपल्या संगीतात असा कुणी समोर उभा लागत नाही. तबलजी ठेका धरतो, गायक समेवर येतो, सगळं नजरेनं चालतं. मग शंभर शिकलेल्या वादकांना समोर काठी हलवणारा कशाला हवा? (एक निवृत्त बँक अधिकारी, गिरगाव)

काका, तुमची शंका रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर छोट्या ग्रुपला नाहीच लागत. न्यूयॉर्कला ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवायच वाजवतोय. पण माणसं वाढली की एक साधी अडचण येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागच्या ट्रम्पेटवाल्यापासून पुढच्या व्हायोलिनपर्यंत १७ मीटर अंतर धरा, म्हणजे त्याचा सूर पुढे पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागला. ऐकायला काहीच नाही वाटत, पण दुगुनीत चाललेल्या जागेत ते अंतर कानाला खटकतं, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याचं ऐकून वाजवायला लागला की लय हळूहळू खाली यायला लागते. (टाळकऱ्यांची लांब रांग असली की पुढचे आणि मागचे सुटतात, ते तुम्ही बघितलंय.) कानाला उशीर होतो, डोळ्याला होत नाही, म्हणून एक हात सगळ्यांना दिसायला लागतो.

पण हे झालं ट्रॅफिकचं काम, यासाठी कुणी कुणाला जगभर बोलावत नाही. खरं काम तालमीत. समजा एका जागी चेलोची सुंदर ओळ आहे आणि वरून हॉर्न इतके जोरात आहेत की ती ऐकूच येत नाही, हॉर्नवाल्याला स्वतःच्या खुर्चीवरून ते कळणं शक्य नाही, त्याच्या कागदावर फक्त त्याची ओळ आहे. सगळ्यांच्या ओळी एकट्या कंडक्टरसमोर असतात. मग तो थांबवतो, हॉर्नचा आवाज थोडा कमी करतो, बो (व्हायोलिनचा गज) खालून न्यायचा की वरून ते पहिल्या व्हायोलिनवाल्याशी, म्हणजे कॉन्सर्टमास्टरशी, ठरवतो, आणि एका वाक्याचा श्वास कुठे सोडायचा ते सांगतो. आपल्याकडे हा श्वास गायकाच्या गळ्यात असतो, साथीदार त्याच्यामागे जातात. तिथे गळा शंभर जणांत वाटलेला आहे, तो एकाच्या मनातून निघावा म्हणून हा माणूस. आणि काका, आपल्याकडे असं कुणी नव्हतंच असं नाही. आपल्या सिनेमांच्या रेकॉर्डिंगला साठ-साठ वादक असायचे तेव्हा अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे गोव्याचे अरेंजर नोटेशन लिहायचे आणि समोर उभं राहून वाजवून घ्यायचे. प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते या गोन्साल्विसांकडेच. पडद्यावर त्यांची नावं कधी ठळक आली नाहीत, ही मला आपल्या शहराची मोठी चूक वाटते.

प्रश्न : झुबिन मेहता भारतीय राहिलेत की दुसरा पासपोर्ट घेतला? (एक वाचक, बोरिवली)

भारतीयच. आयुष्य बाहेर गेलं तरी नागरिकत्व सोडलं नाही. १९६६ ला पद्मभूषण, २००१ ला पद्मविभूषण. ऑगस्ट २०२३ मध्ये ८७ व्या वर्षी इथे येऊन त्यांनी पहिल्यांदा आपल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाला कंडक्ट केलं.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा, ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, गेली तीन वर्षं पथक मीच चालवतो, ८० पोरं आहेत. यूट्यूबवर कंडक्टर ड्युडामेल बघितला आणि अंगावर काटा आला. मला नोटेशन येत नाही. उशीर झालाय का? (लालबाग)

मित्रा, खोटं नाही बोलणार. ड्युडामेल व्हेनेझुएलाचा, बाप ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि तिथे एल सिस्तेमा म्हणून १९७५ पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांना फुकट वाद्य आणि ऑर्केस्ट्रा देणारी योजना आहे, त्यातून तो लहानपणापासून व्हायोलिन वाजवत वर आला, २००४ ला जर्मनीत बांबेर्गची मालर ही कंडक्टरांची स्पर्धा जिंकला, २००९ ला लॉस एंजेलिसचा म्युझिक डायरेक्टर झाला. २२ व्या वर्षी त्याच्या मागे किमान बारा-चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात गेली होती. तुझ्या मागे ती नाहीत आणि तो दोष तुझा नाही, लालबागमध्ये तुला कुणी व्हायोलिन दिलं नाही. याच शहरात १९३५ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता, तो उभा करणारे मेहली मेहता पुढे इंग्लंड-अमेरिकेला गेले, आणि परत कायमचा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा उभा राहायला २००६ साल उजाडलं. त्यातही कितीतरी वादक बाहेरच्या देशांतून बोलवावे लागतात, कारण मधली कित्येक वर्षं आपण वादकच तयार केले नाहीत. वादकांची एखादी पिढी तयार झाली असती तर तुझ्यासारखी पोरं त्यात असती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बर्लिन-न्यूयॉर्कचं स्वप्न तुला दाखवत नाही. पण ८० पोरांना ताशाच्या एका काडीवर उचलायचं आणि एका हाताने थांबवायचं, हे तुला येतं, आणि ते शिकलेल्या कित्येकांना येत नाही. थांबवण्याच्या आधीचा इशारा कधी द्यायचा हे तुला कुणी शिकवलं नाही ना? एक ठोका आधी द्यावा लागतो. कंडक्टिंगच्या पहिल्या तासाला हेच शिकवतात. तर तू पर्कशन, म्हणजे तालवाद्यं, धर. स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांवर लिहितात ते) लयीचा भाग तुला महिन्या-दोन महिन्यांत येईल कारण मात्रा अंगात आहेत, स्नेअर ड्रमच्या ग्रेड परीक्षा इथे मुंबईत देता येतात, धोबीतलावला फुर्ताडोजच्या दुकानात पहिल्या ग्रेडचं पुस्तक मागून घे. सूर मात्र शून्यापासून, त्यासाठी कुठल्याही कॉयरमध्ये जा, पुरुषांच्या आवाजाला सगळीकडे माणसं कमी असतात, नाही म्हणणार नाहीत.

आणि पुढचा सीझन लागला की एनसीपीएचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढ, चर्चगेटहून चालत वीस मिनिटं. तिथे ड्युडामेलचा चेहरा शोधत बसू नकोस, मागे टिंपनीवाला बसलेला असतो त्याच्याकडे बघ. शंभरेक मापं तो गप्प असतो, मोजत असतो, कान वाद्याला लावून हळूच सूर तपासतो, आणि मग बरोबर एका ठोक्यासाठी हात उचलतो. त्या ठोक्याच्या आधी कंडक्टर त्याच्याकडे बघतो का, कधी बघतो, ते मला लिहून पाठव.