‘डेक्कन ट्रॅप’मध्ये सापळा कुठून आला?

प्रश्न दुहेरी आहे : ‘डेक्कन ट्रॅप’ला, म्हणजे दख्खनमधल्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांना, मराठीत ‘दख्खनचा सापळा’ म्हणायचं की ‘दख्खनचं पठार’? आणि पृथ्वीच्या कवचाचे जे तुकडे (इंग्रजीत ‘प्लेट’) सरकतात, ते भूखंड की भूपट्ट?

सापळा मुळीच नाही. हा शब्द हल्ली इतक्या ठिकाणी वाचायला मिळतो, की कुणीतरी एकदा ठणकावून सांगायलाच हवं होतं. भाषांतरयंत्राच्या हाती दिलं की सायबेरियातल्या अशाच खडकांचे, ‘सायबेरियन ट्रॅप्स’चे, ‘सायबेरियन सापळे’सुद्धा तयार होतात. तिथे उंदीर अडकत नाहीत आणि इथेही नाहीत.

पठारही नाही, पण त्यातली चूक निराळी. पठार हा भूगोलाचा शब्द, ट्रॅप हा खडकाचा. हैदराबाद पठारावर आहे, पण तिथला दगड ग्रॅनाइट. मुंबई पठारावर नाही, सौराष्ट्राचा बराच भागही नाही, तरी तिथे खाली ट्रॅपच. दक्षिणेकडे बेळगावच्या आसपास ट्रॅप संपतो, पठार पुढे चालूच राहतं.

आता खरी गंमत. हा ट्रॅप इंग्रजीतल्या पिंजऱ्याचा नाही, स्वीडिश ‘त्राप्पा’ म्हणजे जिना, त्याचा आहे. अठराव्या शतकात स्वीडनमधल्या खनिजतज्ज्ञांनी पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या राहणाऱ्या काळ्या खडकाला हे नाव दिलं आणि ते जगभर पसरलं. जर्मन ‘ट्रेपे’ त्याच घराण्यातला, आणि डच माणूस आजही घरातल्या जिन्याला ‘ट्रॅप’ म्हणतो.

नाव किती चपखल आहे ते पावसाळ्यात सह्याद्रीची कुठलीही भिंत पाहिली की कळतं : काळा कडा, वर गवताचा हिरवा पट्टा, पुन्हा काळा कडा, पुन्हा हिरवा पट्टा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी शोधत बसू नका. प्रत्येक थर पोटात सावकाश थिजून घट्ट झाला. वरच्या अंगाला मात्र वायूचे बुडबुडे अडकले आणि घावनाला पडते तशी जाळी पडली. घट्ट भाग कड्यासारखा ताठ उभा राहतो, जाळीचा भाग लवकर झिजून मागे सरतो. झाली पायरी. घाटमाथ्याजवळ या थरांची एकूण जाडी २ किलोमीटरच्या घरात जाते.

रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे खालून वर वाचत जा. आधी उभ्या सांध्यांचा (भेगांचा) काळा कातळ. मग पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ दगड. ते ठिपके म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर साचलेलं झिओलाइट नावाचं खनिज. विहीर खणणारे यालाच मांजऱ्या म्हणतात, आणि पाणी लागतं ते बहुतेक यात किंवा कातळाच्या सांध्यांत; सांधे नसलेला कातळ कोरडाच. त्याच्यावर कधी कधी विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो : दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली आणि पुढच्या लाव्ह्याखाली भाजलेली माती. बोगदा खणणारे या तांबड्या थराला वचकून असतात. हवापाणी लागलं की तो भुगा होतो आणि वरचा खडक निसटतो, म्हणून तो उघडा पडताच त्यावर शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट) मारतात.

पायऱ्यांचाच विषय निघाला आहे तर ‘घाट’ कसा सोडायचा? नदीकाठच्या पायऱ्या तोही घाट, डोंगर उतरण्याची वाट तोही घाट. दोन्ही अर्थ मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहेत. व्युत्पत्तिकार म्हणतात, मूळ अर्थ उतार किंवा उतरण्याची जागा, डोंगराला नाव मिळालं ते वाटेवरून. असेल. पण सह्याद्रीच्या पश्चिम अंगाकडे कोकणातून मान वर करून पाहणाऱ्याला आधी वाट दिसते की पायऱ्या? माझं मत असं, की इथे वाटेचा अर्थ डोंगराला इतका घट्ट चिकटला तो या पायऱ्यांमुळेच. यावर कुणीतरी पूर्व घाटाचा दाखला देतोच, तिथे बेसाल्ट कुठे आहे म्हणून. नाही, पण तो ‘पूर्व घाट’ नकाशे काढणाऱ्यांनी पश्चिमेच्या जोडीला बसवलेला आहे, असा माझा दाट संशय. कोशकारांनी टेबलावरून उठून एकदा माळशेजला जाऊन यावं.

सापळ्याच्या बाजूने एक युक्तिवाद हटकून येतो : पिंजऱ्याचा ट्रॅप आणि जिन्याचा ट्रॅप हे ‘पाऊल टाकणे’ या अर्थाच्या एकाच मुळातून आले असावेत. असतीलही. म्हणून जिन्याला पिंजरा म्हणणार का?

खरा सापळा हवा असेल तर तेलवाल्यांकडे जा. तेल वर वर सरकत येतं आणि न झिरपणाऱ्या खडकाखाली अडकतं. त्या रचनेलाही ट्रॅपच म्हणतात आणि तिथे ‘सापळा’ अगदी बरोबर. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायमध्ये सच्छिद्र चुनखडीत तेल आहे, त्यावर शेलचं (चिखलापासून बनलेल्या खडकाचं) झाकण आहे आणि या सगळ्याच्या खाली पायाला डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट. म्हणजे वर सापळा, खाली जिना, आणि इंग्रजीत दोन्ही ट्रॅप! मराठीत आपण दोघांना वेगळं ठेवू शकतो, तर ठेवावं. जिन्याच्या ट्रॅपला ‘ट्रॅप’च राहू द्या, फारच वाटलं तर ‘पायरीखडक’ म्हणा.

दुसरा भाग : भूपट्ट. भूखंड म्हणजे खंड, नाहीतर एनए केलेला प्लॉट. सरकणाऱ्या तुकड्यात समुद्राचा तळही येतो. भारतीय भूपट्ट अरबी समुद्राखालून थेट कार्ल्सबर्ग कटक या समुद्रतळावरच्या डोंगररांगेपर्यंत जातो, आणि पॅसिफिक भूपट्ट तर जवळजवळ सगळा पाण्याखाली आहे. ट्रॅपचा लाव्हा वाहिला तेव्हा आपला पट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या पोटातून उष्ण द्रव्य वर येतं त्या जागेवरून) वर्षाला साधारण १५ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे निघाला होता. आता तो वेग ५ सेंटीमीटरच्या आसपास आहे.