एआर-९ ची जोडी घ्यावी का? फोम सोडून बाकी सगळं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत घराजवळच्या एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो सेल) अकूस्टिक रिसर्चच्या एआर-९ स्पीकरची जोडी आहे, वूफरच्या (खालचे जाड सूर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरच्या) कडेचा फोम गळून पडलाय, मागणी ३०० डॉलरची आहे. दोन-तीन वर्षांत तुम्ही पुण्याला परत जाणार, तेव्हा ती सोबत न्यायची इच्छा आहे. घ्यावी का, आणि घेतली तर पुढे किती व्याप?

फोम फाटलाय एवढ्यावरून मागे फिरू नका. शंका घ्यायचीच तर प्रत्येक स्पीकरच्या समोरच्या दोन छोट्या डोमवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या घुमटाकार ड्रायव्हरवर घ्या. माझी जोडी बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये वाजली आणि माझ्या निवृत्तीनंतर आता पुण्यात वाजते आहे. दोन्हीकडची हवा तिला लागली आहे, तेव्हा हे सगळं वापरातून आलेलं आहे.

आधी हा स्पीकर कसा बांधलाय ते सांगतो, कारण त्याची निगा त्याच्या बांधणीवरच ठरते. एआर (अकूस्टिक रिसर्च) ही कंपनी १९५४ साली एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला सुरू केली. तोवर वूफरचा कोन (पुढेमागे हलणारा कागदी शंकू) जागेवर परत आणायचं काम त्याची ताठ कड आणि मागचा स्पायडर, म्हणजे लवचिक चकती, करायचे. विल्चर यांनी ते काम हवाबंद कॅबिनेटात कोंडलेल्या हवेवर सोपवलं आणि कड अगदी मऊ ठेवली. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी, पण जास्त एकसारखी वागते, म्हणून तुलनेने लहान कॅबिनेटातून खोल आणि स्वच्छ बेस निघाला. एआर-९ आला १९७८ साली, कंपनी टेलिडाइन या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यानंतर. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही कुशींवर खाली एकेक १२ इंची वूफर, समोर ८ इंची लोअर मिडरेंज (मधल्या सुरांचा ड्रायव्हर), त्यावर दीड इंची डोम आणि पाऊण इंची डोम ट्वीटर (सगळ्यात वरच्या सुरांचा). उंची सव्वाचार फुटांहून जास्त आणि वजन एकेकाचं ६० किलोच्या आसपास. गाडी आणि एक धडधाकट माणूस सोबत न्या.

कड मऊ हवी म्हणून त्या काळात सर्रास पॉलियुरेथेन फोम वापरला गेला आणि तोच या स्पीकरांचा अल्पायुषी भाग ठरला. हवेतला दमटपणा या फोमची रासायनिक साखळी तोडत राहतो, ऊन त्यात भर घालतं. स्पीकर वाजवला काय आणि कापड टाकून ठेवला काय, फोम आपल्या गतीने मरतोच. म्हणून 'फार वाजवलेलेच नाहीत' असं विकणारा सांगेल, त्याला फोमच्या बाबतीत काही किंमत नाही. साधारण पंधरा-वीस वर्षं धरा, दमट हवेत त्याहून कमी. गाडीचा टायर बदलतो तसा हा बदलायचा भाग आहे. कोन, कॉइल (कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं) आणि चुंबक शाबूत असतील तर नव्या फोमवर वूफर पुन्हा पहिल्यासारखा वाजतो. फोमचं किट दोन आकडी डॉलरांत येतं. ८ इंचीची कडसुद्धा फोमचीच आहे, म्हणजे जोडीला मिळून सहा कडा बदलायच्या आहेत, हे हिशेबात धरा.

डोमचं तसं नाही. ते जळले तर त्याच जातीचे शोधावे लागतात, आणि जुने शाबूत डोम दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललेत. ते तपासायची रीत सोपी आहे. मल्टिमीटर स्पीकरच्या मागच्या टर्मिनलला लावून काही कळणार नाही. डोमच्या वाटेत कपॅसिटर आहे, तो मीटरचा डीसी प्रवाह अडवतो. कानानेच तपासायचं. अँप (ॲम्प्लिफायर) सोबत नेण्याची परवानगी मागा, ग्रिल काढा, आणि किचन टॉवेल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी न्या. आवाज अगदी बारीक ठेवून नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका डोमसमोर धरा. ट्वीटर जिवंत असेल तर झांज-करताल आणि 'स', 'श' यांची धार ऐकू येते. ७००० हर्ट्‌झच्या वरचंच त्याच्याकडे येतं, त्यामुळे तो मुळातच कमी बोलतो; घाईने 'मेला' म्हणू नका. दीड इंची डोममधून मात्र शब्द स्पष्ट कळायला हवेत. फाटक्या वूफरमधून फडफड येईल, तिकडे तेव्हा लक्ष देऊ नका, आणि आवाज वाढवू तर अजिबात नका. कड नसलेला कोन तिरका चालतो आणि कॉइल चुंबकाच्या फटीत घासते.

एखादा डोम गप्प वाटला तर पॅनलवरचे लेव्हलचे स्विच आधी खालीवर करा. शून्य, उणे तीन, उणे सहा डेसिबल असे ते टप्पे आहेत. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून आतल्या पट्ट्यांवर गंज चढतो आणि त्या ड्रायव्हरचा आवाज अडतो. नुसते स्विच हलवून 'मेलेला' डोम बोलू लागलेला मी पाहिला आहे. घरी आणल्यावर त्यात काँटॅक्ट क्लीनर मारायचाच आहे.

आता फोम बदलण्याबद्दल. दुकानात देऊ नका असं म्हणत नाही, पण हात स्थिर असेल तर स्वतः करा. वूफर काढताना स्पीकर आडवा करा, म्हणजे जड चुंबकासकट वूफर हातातून निसटणार नाही. तारांचे फोटो काढा, कुठली कुठे ते टेपवर लिहा. आतलं भरण हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा, आणि जेवढं निघालं तेवढंच परत भरा. ते नुसतं अस्तर नाही, बेसच्या हिशेबातला भाग आहे.

सगळ्यात जास्त वेळ जुना गोंद काढण्यात जातो आणि तो द्यायलाच हवा. मेलेला फोम काळ्या चिकट डांबरासारखा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी कोनाच्या कडेवर एकाच दिशेने, बोटभर अंतर, मग पुन्हा नवी काडी. कोन कागदी आहे, त्याला ओला करून ठेवायचं नाही. नवी कड आधी कोरडी बसवून बघा. १२ इंची कड म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच कडा एआरच्या कोनाला बसत नाहीत, तेव्हा एआरसाठी बनवलेलीच मागवा. कड आधी कोनाला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. मग बाहेरची बाजू फ्रेमला लावताना दोन्ही अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून हलकेच खालीवर करा आणि कान जवळ न्या. कागदावर वाळू घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल एका बाजूला झुकली आहे. गोंद ओला आहे तोवर कड केसभर सरकवून तो आवाज नाहीसा करायचा. मी या वेळी बारीक आवाजात ३० हर्ट्‌झचा सूर लावून ठेवतो. कोन मध्यात आला की घरघर थांबते, आणि मग रात्रभर त्याला कुणी हात लावायचा नाही.

वूफर परत बसवताना गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) कोरडी झालेली असेल तर नवी घाला. हवा गळली तर हवेची स्प्रिंग राहत नाही, आणि या स्पीकरचा जीव त्यातच आहे. तपासणी झटक्यात होते: एका कुशीचा वूफर तळहाताने हळूच आत दाबा, समोरच्या कुशीचा बाहेर यायला हवा, आणि हात धरून ठेवलात तर तो तसाच राहून अगदी सावकाश मागे सरकायला हवा. लगेच परतला तर कुठेतरी गळती आहे.

कपॅसिटरवर लोक उगाच पैसे उधळतात. आत नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत. ते वयाप्रमाणे मूल्य बदलतात, पण सगळेच बदलत नाहीत. एक टोक सुटं करून मीटरवर मोजा. छापील आकड्यापासून फार भरकटलेले तेवढे काढा. मिड आणि ट्वीटरच्या वाटेतले छोटे फिल्म कपॅसिटरने बदलायला हरकत नाही, पण फिल्मचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे वरचा भाग थोडा उजळ वाटू शकतो. तसं झालं तर लेव्हल स्विच एक टप्पा खाली घ्या. वूफरच्या सर्किटातला २५०० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर मोजून बरोबर असेल तर आहे तिथेच राहू द्या. ट्वीटर जास्त 'आधुनिक' बसवा, क्रॉसओव्हर (ड्रायव्हरांना सूर वाटून देणारं सर्किट) नव्याने डिझाइन करा असे सल्ले मिळतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हे पाचही ड्रायव्हर २००, १२०० आणि ७००० हर्ट्‌झला एकमेकांना जोडलेले आहेत. एक बदललात की तो जोड उसवतो.

आता अँप. स्पीकर ४ ओमचे आहेत आणि खालच्या सुरांत ओमचा आकडा आणखी उतरतो, म्हणजे अँपवरचा भार वाढतो; संवेदनशीलता (दिलेल्या ताकदीतून निघणारा आवाज) ८७ डेसिबल. छोट्या रिसीव्हरला ते दमवतात, आणि दमलेला अँप क्लिप झाला (ताकद संपून लहरींची टोकं कापू लागला) की पहिला बळी ट्वीटर. ४ ओमला बिनधास्त शंभर वॉट देणारा अँप घ्या. याच कारणासाठी, पुण्यात गेल्यावर गणपतीत सोसायटीच्या हॉलसाठी कुणी मागितले तर नम्रपणे नाही म्हणा. दिसायला हे मोठे आहेत, पण घरातल्या खोलीसाठी बनवलेत. हॉल भरायला आवाज वर नेला की तासाभरात डोम जातील.

ठेवायचे कुठे, हा या स्पीकरचा मला सगळ्यात आवडणारा भाग. एआरमधलेच पूर्वीचे इंजिनिअर रॉय ॲलिसन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की वूफर भिंत आणि जमिनीपासून मध्यम अंतरावर असला की परावर्तित लहरींमुळे बेसच्या वरच्या भागात खड्डा पडतो. एआर-९ मध्ये वूफर जमिनीलगत, कुशीवर आणि फक्त २०० हर्ट्‌झपर्यंतच चालवलेत ते म्हणून. मागच्या भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवा. आजच्या बऱ्याच स्पीकरांना खोलीत तीन-चार फूट पुढे ओढावं लागतं. आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा असते कुठे? फक्त दोन्ही कुशींना मोकळी जागा हवी. कपाट आणि स्पीकर खेटून ठेवलेत तर एक वूफर कपाटालाच गाणं ऐकवत बसेल.

नीट बसले की काय मिळतं ते सांगतो. गाणाऱ्या गळ्याचा बहुतेक ऐवज २०० ते १२०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा इथे एकट्या ८ इंची ड्रायव्हरकडे आहे. भीमसेनजींचा आवाज खर्जातून तारसप्तकात चढतो तेव्हा मधे कुठे सांधा जाणवत नाही, एकच छाती, एकच गळा. डग्ग्याची घिस्सा जमिनीतून येते. या एका गोष्टीसाठी मी फोमची सगळी उस्तवार आनंदाने करतो.

पुण्याला नेण्याबद्दल. हे स्पीकर विजेला लागत नाहीत, त्यामुळे ११०-२३० व्होल्टचा प्रश्न फक्त अँपला येतो. वूफर काढून वेगळ्या खोक्यात, कोनावर काहीही न टेकता बांधा; रिकाम्या भोकांवर प्लायवुडचे तुकडे स्क्रूने लावा. नवा फोम निघण्याआधी नका बसवू, पुण्यात पोचल्यावर बसवा. प्रवासातले धक्के आणि कंटेनरमधली दमट उष्णता नव्या फोमने कशाला सोसायची?

तिथे गेल्यावरचा खरा शत्रू पावसाळा वाटेल, पण माझ्या अनुभवात फरशी पुसण्याचं पाणी जास्त नुकसान करतं. कॅबिनेट पार्टिकल बोर्डचं आहे. रोज ओलं फडकं तळाशी लागलं की बोर्ड पाणी शोषून फुगतो, कोपरे फुलतात, वरचं अक्रोडाचं व्हीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) सुटतं, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. तळाखाली दीड-दोन इंच उंचीचा, आतल्या बाजूला घेतलेला लाकडी पाट करून घ्या आणि तो रबरी बुटांवर ठेवा. वाळवीचीही त्यामुळे वाट दिसते. पाटाखाली टॉर्च मारून अधूनमधून बघत जा, मातीची बारीक रेघ दिसली की त्याच दिवशी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. दुपारचं ऊन वूफरवर येणार नाही अशी भिंत निवडा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणार असाल तर फोमच्या आयुष्यातून काही वर्षं वजा करा.

शनिवारी जाताना टॉर्च, पुठ्ठ्याची नळी, तारा आणि अँप न्या. टॉर्च मारून आधी तळाचे कोपरे बघा, कारण बेसमेंटमध्ये ठेवलेल्या स्पीकरांना तिथेही पाणी लागलेलं असतं. कोपरे कोरडे आणि चारही डोम बोलते असतील तर ३०० डॉलर देऊन टाका, घासाघीस करू नका. एक डोम बंद असेल तर निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि तेही बदली डोम आधी कुठे मिळतोय हे पक्कं झाल्यावरच. दीड इंची दोन्ही डोम गेलेले असतील तर जोडी सोडून द्या. मागच्या स्टिकरचा आणि वूफरच्या फ्रेमचा जवळून फोटो काढून टाकलात तर कुठल्या मापाची कड मागवायची ते मी सांगतो.