बोट लागणाऱ्याने क्रूझवर कुठली केबिन घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की आईला कन्नड घाट चढेपर्यंत दोनदा गाडी थांबवावी लागते, आणि आता सगळं घर मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला निघालंय. बाल्कनीची केबिन घ्यावी की पैसे वाचवून आतली बिनखिडकीची, असा तुमचा प्रश्न. भाऊ, बाल्कनीचा नाद सोडा. खालच्या मजल्यावरची, बोटीच्या बरोबर मधली केबिन घ्या. तिथे खिडकीची मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर आतलीही चालेल.

हे मी पैसे घालवून शिकलोय. आम्ही अमळनेरचे, पाणी म्हणजे बोरी नाहीतर तापी, तेही पावसाळ्यात. पहिल्यांदा मुंबई-गोवा गेलो तेव्हा हौसेने नवव्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन घेतली. जेवण झालं, बोट खोल पाण्यात गेली आणि कपाटातले हँगर एकमेकांवर टिकटिक वाजायला लागले. पलंग हळूच वर जायचा, क्षणभर थांबायचा आणि खाली बसायचा. तो खाली बसतानाचा क्षण वाईट. आई भिंतीला हात लावून पडली होती, दर दहा मिनिटांनी विचारायची, "आखो कितला येळ शे रे?" बाल्कनीचं दार रात्रभर कोणी उघडलंसुद्धा नाही.

पहाटे लिंबू मागायला म्हणून तिला पाचव्या मजल्यावर रिसेप्शनपाशी नेलं. ते बोटीच्या मध्यावर होतं. सोफ्यावर बसवलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत बाई म्हणते, चहा मिळेल का? बोट तीच, समुद्र तोच. फक्त जागा बदलली होती.

कारण साधं आहे. एसटीची मागची सीट आठवा. खड्डा तोच, पण शेवटच्या बाकावरचा माणूस टपाकडे उडतो आणि दोन्ही चाकांच्या मधे बसलेल्याला नुसता हिसका बसतो. लाटेवर बोटीचं नाक वर-खाली होतं तेव्हा टोकाच्या केबिन सगळ्यात जास्त उचलल्या जातात, मधल्या सगळ्यात कमी. अगदी मागच्या बाजूला तर बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची थरथरही येते. बोट डावी-उजवीकडे कलते तेव्हा हिशोब उंचीचा. वाऱ्यात ज्वारीचं ताट बघा, कणीस हातभर फिरतं, बुंधा जवळपास जागेवर. बाल्कन्या बहुतेक वरच्या मजल्यांवर, म्हणजे कणसात. आपल्याला बुंधा पाहिजे.

हल्लीच्या मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात, त्याने डावं-उजवं कलणं बरंच कमी होतं. नाकाचं वर-खाली होणं मात्र त्याने फारसं थांबत नाही. म्हणून एजंट "आमची बोट हलतच नाही" म्हणाला तरी मधलीच मागा.

आता खिडकी. गाडी लागो की बोट, दुखणं एकच. कानाच्या आतलं तोलाचं यंत्र सांगतं आपण हलतोय, डोळे समोरची भिंत बघून म्हणतात कुठे हलतोय? या भांडणात पोट मरतं. क्षितिज दिसलं की डोळ्यांनाही हलणं पटतं आणि भांडण मिटतं, म्हणून खिडकीचा उपयोग. पण झोपून डोळे मिटले की खिडकी असून नसून सारखीच, त्यामुळे खालची मधली आतली केबिन मी वरच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा कधीही पसंत करेन. दिवसा आईला उघड्या डेकवर मध्यभागी खुर्ची टाकून द्या. मोबाईल बघू देऊ नका, नातवाचा व्हिडिओ असला तरी.

बुक करताना डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मागून घ्या आणि केबिनचा नंबर त्यावर स्वतः बोटाने शोधा. "गॅरंटी" नावाची स्वस्त केबिन असते, तिचा नंबर कंपनी नंतर देते. ती तुमच्यासाठी नाही, नेमकं टोक पदरात पडायचं. काही खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते, क्षितिजाऐवजी दिवसभर बोटीचं बूड बघत बसाल, तेही विचारा. आणि वरच्या मजल्यावर नाचगाण्याचा हॉल किंवा स्वयंपाकघर आहे का तेवढं बघा.

तारखा हातात असतील तर थंडीतल्या घ्या. मे संपत आला की अरबी समुद्र उसळायला लागतो, तेव्हा मधली केबिनही किती पुरणार?

गोळी उलटी सुरू झाल्यावर दिली तर पोटात टिकतच नाही. आपल्याकडे सगळे अॅव्होमिन घेतात, ती बोट सुटायच्या तास-दोन तास आधी. झोप येते, पण बोटीवर आईला कुठे गाडी चालवायचीय? मात्र काचबिंदू असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशी ठेवू नका. खारी बिस्किटं, भात, आल्याचा तुकडा. भरीत-पुरीचा डबा मुंबईतच संपवा, तो तेलाचा तवंग बोटीवर नको.

दुसऱ्या वेळी आम्ही चौथ्या मजल्यावर, मधली घेतली. आईने तिन्ही दिवस शेवभाजी मिळत नाही म्हणून कुरकुर केली, म्हणजे तब्येत ठणठणीत होती.

एक राहिलं. लक्षद्वीपला मोठी बोट बाहेर समुद्रातच उभी राहते आणि बेटावर लहान होडीने नेतात. ती होडी खरी हलते. त्या सकाळची गोळी चुकवू नका आणि आईला होडीत पुढे नाही, मागच्या बाजूला बसवा, तोंड बेटाकडे करून.