विजेच्या तारांतून इंटरनेट दिलं तर हॅम रेडिओला, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओ संपर्काला, त्रास का होतो?
कारण खांबावरच्या तारांना केबल टीव्हीच्या वायरीसारखं जाळीचं कवच नसतं. त्यांतून १.७ ते ८० मेगाहर्ट्झमधला डेटा सोडला की तारच अँटेना होते. हॅमचे ७ आणि १४ मेगाहर्ट्झचे बँड (लहरींचे पट्टे) नेमके त्यातच येतात. मग रिसीव्हरवर सतत खरखर, आणि दूरच्या स्टेशनचा बारीक मोर्स (टिंब-रेघांचा संदेश) त्याखाली पार बुडतो. फार जीव तुटतो हो!

अमेरिकेत २००४ साली संदेशवहन आयोगाने (एफसीसी) या सेवेचे नियम केले. त्यांविरुद्ध तिथली हॅम संघटना एआरआरएल कोर्टात गेली आणि २००८ मध्ये कोर्टाने आयोगाला सुनावलं, की ज्या अभ्यासांवर विसंबलात त्यांतले भाग झाकून ठेवता येणार नाहीत. व्हर्जिनियातल्या मनॅसस शहराने ही सेवा २०१० मध्ये बंद केली.

तुमच्याकडे खरखर असेल तर आधी घरातला पॉवरलाइन अडॅप्टर (घरच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारं उपकरण) काढून ऐका.